दयेची मर्यादा

दुसऱ्याचे दुःख पाहून मन द्रवले म्हणजे आपल्या हातून धर्मच घडत आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु दया ही सदैव धर्मच असते काय? हा प्रश्न अलीकडे माझ्यापुढे अगदी अनपेक्षित वाटेने आला.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू आहे. तेथे एका सायंकाळी एक मराठी तरुण मला भेटावयास आला. तो दृष्टिहीन मुलांना फुटबॉल शिकवितो. खेळाचे नियम मराठीत करून द्यावेत, एवढीच त्याची विनंती होती. काम संपत आले तेव्हा तो जरा घुटमळला व म्हणाला, “शास्त्रीबुवा, एक विचारू का? आमच्यात दहा वर्षांचा एक मुलगा आहे. कित्येक महिने धडपडूनही त्याला एक गोल करता आला नव्हता. परवा गोलरक्षकाला त्याची दया आली आणि त्याने चेंडू मुद्दाम आत जाऊ दिला. मुलगा आनंदाने नाचला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘सर, गोल खरा होता ना?’ मी ‘हो’ म्हणालो. तेव्हापासून मला चैन नाही. माझे चुकले का?”

या प्रश्नाचे मर्म कळण्यास खेळाची रीत समजली पाहिजे. प्रत्येक संघात चार खेळाडू व एक गोलरक्षक असतो. चौघांच्याही डोळ्यांवर पट्टी असते, कारण एखाद्यास किंचित दिसत असल्यास त्याचा लाभ त्यास मिळू नये. चेंडूत खुळखुळा असतो. मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंस फळ्या असतात. चेंडूकडे धावणाऱ्याने ‘वॉय’ अशी हाक द्यावयाची. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘मी येतो’. प्रतिपक्षाच्या गोलामागे उभा राहून एक मार्गदर्शक दिशा सांगतो. प्रेक्षकांनी चेंडू खेळात असेपर्यंत मौन पाळावयाचे. 2004 साली अथेन्स येथे हा खेळ पॅरालिंपिकमध्ये आला. 2024 साली पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी हजारो प्रेक्षक असेच निःशब्द बसले होते. गोलरक्षक मात्र डोळस असतो. म्हणजे ज्याला दिसते त्याने, ज्याला दिसत नाही त्याला फसविले, असा हा प्रसंग आहे.

कोणी म्हणेल, मुलाला आनंद झाला ना? मग गोल खोटा असला म्हणून काय बिघडले? याचे उत्तर त्या मुलानेच दिले आहे. त्याला केवळ आनंद हवा असता तर ‘खरा होता ना’ असे त्याने विचारलेच नसते. त्याला गोल हवा होता. आनंद हा त्याच्या मागोमाग येणारा.

संस्कृतात ‘दय्’ धातूचे अर्थ वैयाकरणांनी दान व रक्षण असे दिले आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीत हिंसाही सांगितली आहे. विद्यार्थिदशेत हे मला विचित्र वाटे. आता वाटत नाही. जी दया दुसऱ्याला असमर्थ ठरवूनच देते, ती देता देता हिरावून घेते.

मग करुणेला स्थान कोठे? या खेळाच्या नियमांतच ते दाखविले आहे. खुळखुळा, फळ्या, मार्गदर्शक, प्रेक्षकांचे मौन, ही सारी करुणाच होय. परंतु ती साधनांत आहे, फलात नाही. 1968 साली शिकागो येथे आरंभ झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्समध्येही बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचे प्राथमिक फेऱ्यांवरून समान कुवतीचे गट पाडतात. पुढे स्पर्धा मात्र खरीच होते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जायबंदी झाले आणि 1972 साली हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी मिळविले. त्या 50 मीटरांतील एक हातही कोणी कमी केला नव्हता, म्हणूनच ते पदक त्यांचे.

फलावर आपला अधिकार नाही, हे गीतेच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पण त्याची दुसरी बाजू आपण विसरतो. दुसऱ्याच्या फलावरही आपला अधिकार नाही. ते हिरावून घेण्याचा जसा नाही, तसा खोटे फल त्याच्या हाती ठेवण्याचाही नाही.

मी त्या तरुणास म्हणालो, “मुलाला खरे सांगा. आणि चूक गोलरक्षकाची नव्हे, ‘हो’ म्हणणाऱ्या आपली, हेही सांगा.”

आठवड्याने तो पुन्हा आला. मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी मात्र सर्वांच्या आधी मैदानावर येऊन, आता नीट अडवा, असे त्याने गोलरक्षकास बजावले. गोल अद्याप झालेला नाही. तो कदाचित होईल, कदाचित होणारही नाही. परंतु झालाच, तर त्या बालकाला तो खरा होता का, हे कोणास विचारावे लागणार नाही. एवढी निश्चिती त्याला देणे, हेच त्याच्या गुरूचे कर्तव्य होय.