कुपीतील साक्ष

अटकेतील माणसाच्या रक्तातून वा लघवीतून त्याच्या व्यसनाचे सत्य काढून घेणे न्याय्य आहे काय? कसालसारख्या गावी हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु गावातून जाणारा महामार्ग एकीकडे मुंबईस व दुसरीकडे गोव्यास पोहोचतो, आणि त्या वाटेने कोणी गेले नाही असे घर आमच्या वाड्यांत विरळाच.

असे मोजमाप आपल्याकडे नवे नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पकडलेल्याच्या रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क आढळला, की घेतलेले मद्य निषिद्ध नव्हते हे शाबीत करण्याचा भार त्याच्यावर पडतो. मे २०१२ मध्ये जुहूच्या एका हॉटेलातील मेजवानीवर छापा पडला, तेव्हा तेथील तरुण-तरुणींच्या रक्ताचे व लघवीचे नमुने घेण्यात आले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हाही गुन्हाच आहे; म्हणून येथे कुपी बोलते ती माणसाच्या विरुद्ध.

अमेरिकेत १९८७ साली निराळा उपक्रम सुरू झाला. मोठ्या शहरांच्या कोठड्यांत, अटकेपासून दोन दिवसांच्या आत, संशोधक संमती घेऊन कैद्यांना प्रश्न विचारीत व लघवीचा नमुना मागत. कारण कोकेन वा हेरॉइनची खूण पुढे लवकरच नाहीशी होते. नमुन्यावर नाव नसे. निष्कर्ष त्या कैद्याविरुद्ध वापरला जात नसे. तरीही ज्यांनी तोंडाने नाकारले, त्यांतील अनेकांच्या कुपीने होकार दिला. २००३ साली हा उपक्रम थांबला. पुढे २००७ ते २०१३ या काळात मोजक्या ठिकाणी पुन्हा चालला.

शिक्षेसाठी मोजणे आणि जाणण्यासाठी मोजणे, यांत आम्ही भेद करतो. दुसरे मोजणे समाजाच्या हिताचे आहे. रोग किती पसरला हे ठाऊक नसेल तर औषध कोठे न्यावे? तथापि हेतू चांगला म्हणून साधन निर्दोष ठरत नाही. कोठडीतील संमती खरोखर मोकळी असते काय? नकार दिल्यास आपले काही बिघडणार नाही, अशी खात्री त्या माणसाला वाटली तरच. शिवाय हा आकडा अटक झालेल्यांचा असतो, समाजाचा नव्हे. पोलिसांच्या जाळ्यात गरिबाचा मुलगा सहज सापडतो. बंगल्यातील व्यसन मोजणीबाहेर राहते. आणि गांजाची खूण कित्येक दिवस टिकत असल्याने, नशा केली म्हणून गुन्हा घडला, असेही कुपीवरून सिद्ध होत नाही.

मग नावाविना उपचार कसा होणार, असे आईबाप विचारतील. त्याची वाट कायद्यातच आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेऊ लागला, तर कलम ६४ अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. नाव त्याने स्वतः सांगावे, आणि ते उपचाराच्या दारी.

बंदिवानाची विचारपूस करणे हे आपण दयेचे कृत्य मानतो. विचारपूस करून पाठ फिरविणे ही दया नव्हे. ज्याच्या कुपीतून आपण आकडा घेतला, त्याचे आपण ऋणी झालो. ते ऋण उपचाराच्या खाटेने, समुपदेशकाने आणि घरी परतल्यावर उघड्या दाराने फेडायचे असते. तेवढी तयारी नसेल, तर मोजू नये.