दिवाळी अंकांतले घर

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 साली सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये दिवाळीचा खास अंक काढला आणि तेव्हापासून सणाच्या निमित्ताने लिहिणे व वाचणे हा मराठी मध्यमवर्गीय घरांतल्या दिवाळीचाच एक भाग होऊन बसला. कथा, कविता आणि व्यंगचित्रांनी भरलेल्या या जाडजूड वार्षिक अंकात कौटुंबिक आठवणींचा ललित लेख, म्हणजे लेखकाच्या अनुभवाभोवती मोकळेपणाने फिरणारा लघुनिबंध, हटकून असतो. परंतु त्या आठवणी ज्या परिस्थितीत लिहिल्या जातात तिचा विचार समीक्षेने फारसा केलेला नाही.

अंक दिवाळीपूर्वी वाचकाच्या हाती पडायचा, तर मजकूर पावसाळ्यातच छापखान्याकडे जावा लागतो, त्यामुळे पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे आणि पणत्यांचे वर्णन लेखक बहुधा आषाढ-श्रावणात, संपादकाच्या पत्राला उत्तर म्हणून करीत असतो. आठवण आपणहून वर आलेली नसते, ती मागवलेली असते. यात खोटेपणा नाही, कारण मागणी आली नसती तर कितीतरी घरे कागदावर उतरलीच नसती. मात्र मागवलेली आठवण मागणाऱ्याच्या अपेक्षेचा आकार घेते, आणि अपेक्षा आनंदाची असते. अनेक वर्षांचे असे लेख पुस्तकासाठी एकत्र करू लागलेल्या लेखकाला हे प्रकर्षाने जाणवते. तेच अंगण आणि तोच उटण्याचा वास दर काही वर्षांनी परत आलेला असतो, दर खेपेला थोडा अधिक रेखीव होऊन, आणि अखेरीस मूळ प्रसंग आठवतो आहे की आधीचा लेख, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

या रेखीवपणात सर्वांत जास्त हरवते ती आई. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते सावलीत वाळवून कुटायचे आणि त्या पिठात गूळ मळून ते मुरू द्यायचे. चकलीची भाजणी, करंजीचे सारण आणि घराची सारवण हे सारे त्याच आठवड्यात. लेखात मात्र ही बाई चवीच्या रूपाने उरते. ती दमली होती का, तिने स्वतः केव्हा खाल्ले, याची नोंद क्वचितच सापडते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि या पुस्तकाचे मोठेपण इथेच आहे, कारण तिथे आठवण सांगणारी व्यक्तीच चुलीपाशी बसलेली आहे. पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर दुभंगलेला संसार, त्यातली उपासमार आणि हसू, हे सारे तिने सणाची वाट न पाहता सांगितले.

दुसरी बाजू त्याहून कठोर आहे. गावाची ठरलेली कामे वंशपरंपरेने करणाऱ्यांना मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. त्याचेच नाव धारण करणारे दया पवारांचे आत्मकथन 1978 मध्ये आले, तेव्हा ‘आपल्या लहानपणचे घर’ या शब्दांनी वाचकाच्या मनात उभे राहणारे चित्र किती थोड्या घरांचे होते, हे मराठी वाङ्मयाला मान्य करावे लागले. त्या पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो. स्वतःपासून असे दोन पावले दूर उभे राहणे ही केवळ रचनेची युक्ती नव्हे. लिहिता झालेला माणूस आणि ज्याने ते सोसले तो माणूस यांच्यातले अंतर तिथे लपवलेले नाही.

हे अंतर दिवाळी अंकांतल्या लेखांमध्येही असतेच, फक्त ते वर्षावर्षांत विखुरलेले असते. तरुणपणीच्या लेखातला वडिलांचा धाक मुलाच्या नजरेतून आलेला असतो. उतारवयात तोच लेखक त्या वडिलांच्या तेव्हाच्या वयाहून मोठा झालेला असतो, आणि मग त्यांच्या चिडण्यामागे सणाच्या खर्चाची काळजी होती हे त्याला दिसू लागते. म्हणून संग्रह करताना पुनरुक्ती काढून, विसंगती जुळवून एकच गुळगुळीत बालपण तयार करण्याची प्रथा वाचकाचे नुकसान करणारी आहे; प्रत्येक लेख त्याच्या सालासह, आधीच्या लेखाशी न जुळणाऱ्या तपशिलांसकट, जसा छापला गेला होता तसाच छापला जावा.