गुलाबाच्या नावावर गवत

पावसाळा सरत आला की सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर रोशा गवत फुलोऱ्यावर येतं. रावेरच्या केळीबागांतून उत्तरेला दिसणारे डोंगर ते हेच. तांबूस तुरा बोटांत चुरडून नाकाशी न्यावा, तर वास थेट गुलाबाचा!

एकोणिसाव्या शतकात खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे या भागांत रोशाचं तेल गाळण्याच्या भट्ट्या लागत. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे आणि तिथून तुर्कस्तानात जाई. तिथले व्यापारी ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवत, म्हणजे त्याचा उग्रपणा मोडे. मग ते गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून सगळं एकदमच भट्टीत चढवलं जाई. तेव्हा तुर्की अमलाखाली असलेल्या बल्गेरियातल्या कझानलिकच्या नामांकित अत्तरात आपलं गवत मुरलं ते असं.

भेसळच ती, दुसरा शब्द नाही. पण ती खपली याचं कारण लबाडीइतकंच रसायनात आहे. रोशाच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य असतं आणि गुलाबाच्या तेलातही तो एक मुख्य घटक आहे. एक किलो गुलाबतेलाला साधारण 4 टन पाकळ्या लागतात. रोशाचं काही क्विंटलांत भागतं. दोन्ही अगदी एकच, असं मात्र म्हणता येणार नाही. अस्सल गुलाबतेल थंडीत गोठतं, रोशाचं गोठत नाही; आणि खऱ्या गुलाबाची खोली एक टक्क्याहूनही कमी असलेल्या काही घटकांत दडलेली असते. म्हणजे आपण ‘गुलाब’ म्हणून ज्याचे पैसे मोजतो ते बरंचसं त्या एका टक्क्याचं आणि दुर्मीळपणाचं मोल असतं. केळीच्या भावासाठी बऱ्हाणपूर बाजाराच्या भावफलकाकडे डोळे लावणाऱ्या रावेरकराला, मालाची किंमत मालातच नसते, हे वेगळं सांगायला नको.

साबणात तर हे उघडच दिसतं. जिरॅनिऑल अल्कलीत टिकतं, म्हणून गुलाबी वासाच्या साबणांना रोशाचं तेल सोयीचं. वेष्टनावर चित्र मात्र गुलाबाचं; गवताचं चित्र छापून साबण कोण विकणार?

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूतही इथे अडखळते. जिरॅनिऑलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाच्या नियमानुसार ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर नावानिशी लिहावं लागतं. गवतातून आलं की कारखान्यातून, हा नियम विचारत नाही. त्वचाही विचारत नाही.

आणि कारखान्यातून ते येतंच. टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासून जिरॅनिऑल बनवता येतं आणि ते स्वस्तात पडतं. त्यामुळे आता रोशाच्याच तेलात भेसळ शोधावी लागते. एके काळी गुलाबात चोरून मिसळलेलं हे गवत आज बाटलीवर ‘शुद्ध’ लिहून विकलं जातं आणि गिऱ्हाईक त्याच्या शुद्धतेचं प्रमाणपत्र मागतं.