‘फक्त फॉरवर्ड केला’ म्हणे!

माना खाली घालून बसू नका, माझ्याकडे बघा. परवा प्रार्थनेनंतर मैदानावर तुमच्याच वर्गातल्या मुलाला फिट आली. तोंडाला फेस, हातपाय ताठ, पँट ओली झालेली. शूटिंग करणारा त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता, आणि हात इतका स्थिर की चित्र कुठे हललंसुद्धा नाही! फिट आलेल्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. याच फळ्यावर लिहून दिलं होतं मी. मला बोलवायला एकटी एक मुलगी धावत आली. बाकीचे बघे.

संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओवर गाणं चढलं, हसरे चेहरे चिकटले. रात्री तो त्या मुलाच्या आईला बचत गटाच्या ग्रुपवर दिसला. पोराच्या गोळ्या चालू आहेत हे त्या माउलीने शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे त्या घराने ठरवायचं होतं. तुम्ही कोण? जनाची नाही, निदान मनाची तरी?

‘बाई, मी शूट नाही केला, फक्त फॉरवर्ड केला.’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्याआधी मोबाइलवरून पसरत होते. पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने तेव्हाही ‘फक्त फॉरवर्ड’च केलं होतं. आणि ती माणसं मार खात असताना तिथेही मोबाइल वर धरलेले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो नववीतल्या मुलालाही आहे, जमिनीवर बेशुद्ध पडलेला असताना तर सगळ्यात जास्त, कारण तेव्हा तो ‘नको’ म्हणू शकत नाही.

‘डिलीट केला’ असंही सांगू नका. तुम्ही तुमचा मेसेज पुसलात. ज्याने तो पुढे पाठवला, त्याची प्रत फिरतेच आहे.

वह्या काढा. कोणाला, कुठल्या ग्रुपवर पाठवला, ते लिहा. आज घरी गेल्यावर त्या प्रत्येकाला फोन करायचा. मेसेज चालणार नाही, तोंडाने बोलायचं. काढून टाकायला सांगायचं, आणि त्यांनी आणखी कोणाला पाठवला ते विचारून यादी वाढवायची. काका असोत, मामा असोत, थोरांना सांगायला लाजायचं नाही. पाठवताना लाजला नव्हतात. ज्याने शूटिंग केलं, त्याने उद्या वडिलांना घेऊन यायचं. आपण त्या मुलाच्या घरी जाणार आहोत, आणि तिथे तू बोलायचंस, मी नाही.