पुरेसे म्हणजे किती?

मुलाच्या शिक्षणास सरकारने पुरेसे दिले, असे केव्हा म्हणावे? हा हिशेबाचा प्रश्न दिसतो खरा. पण तो मुळात नीतीचा आहे, म्हणून तो मंडळीपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतच पाहा. पूर्वेस नारायणगाव, मंचर येथे बागायत आहे, बाजार आहे, सडक आहे. पश्चिमेस नाणेघाट व आहुपे या अंगास डोंगर, दाट पाऊस आणि महादेव कोळी व ठाकर बांधवांच्या विखुरलेल्या वाड्या. जिल्हा एक, जिल्हा परिषद एक. पण एका मापाने दोहोंस न्याय मिळेल काय?

हा प्रश्न जुना आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. पुढे 2009 साली कायदा होऊन 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. त्या कायद्याने पुरेपणाचे मापही ठरविले: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, पिण्याचे पाणी, मुलामुलींस वेगळी शौचालये, ग्रंथालय, क्रीडांगण.

माप असावे, यात शंका नाही. मापावाचून गरिबाच्या हाती केवळ आश्वासन राहते. परंतु माप खोटे होऊ शकते. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एक मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून बोटास शाई लावण्यात आली. तरी पुष्कळ ठिकाणी पटावरील नावे अधिक व वर्गातील मुले कमी निघाली. खोटा तराजू परमेश्वरास वीट आणतो, हे शलमोनाच्या नीतिसूत्रांत आपण वाचतो. जेथे दर डोई पैसा मिळतो, तेथे नसलेली डोकी लिहिण्याचा मोह उत्पन्न होतो.

दुसरे असे की, माप खरे असूनही अपुरे असू शकते. राज्यांची शैक्षणिक प्रतवारी एक हजार गुणांची असते. 2020-21 साली महाराष्ट्रास त्यांत 928 गुण मिळाले. परंतु त्या मापात कारभारास 360 गुण होते आणि मूल काय शिकले यास 180. पुढील वर्षी ही वाटणी बदलण्यात आली, हे योग्यच झाले. नोंदवही नीट भरली म्हणजे मुलास वाचता आले, असे होत नाही.

तिसरी गोष्ट अनुदानाची. समग्र शिक्षा योजनेत तीस मुलांपर्यंतच्या शाळेस वर्षास 10,000 रुपये, आणि त्यापुढे शंभरपर्यंत 25,000 रुपये असा क्रम आहे. पण छप्पर गळते ते पटाच्या मानाने नव्हे, पावसाच्या मानाने.

कोणी म्हणेल, दहा मुलांची शाळा चालविण्यापेक्षा ती मोठ्या शाळेत मिळवावी. सोबती मिळतील, शिक्षक अधिक मिळतील. हे म्हणणे पोकळ नाही. एकट्यादुकट्या मुलाचे शिक्षण कोमेजते, हे आम्हीही मान्य करतो. याच विचाराने 2017 साली राज्यातील कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करण्याचे ठरले होते. परंतु मध्ये ओढा असेल, आषाढातला पाऊस असेल, आणि मूल सहा वर्षांचे असेल, तर कागदावरची मोठी शाळा त्या मुलापुरती नाहीशीच होते. बहुधा घरी राहते ती मुलगी. आधी वाट व वाहन द्यावे, मग शाळा मिळवावी. हा क्रम उलटा केल्यास काटकसर होईल, न्याय होणार नाही.

अरण्यात मान्ना पडला तेव्हा दर डोई एक ओमर हे माप ठरले. पण प्रत्येकाने आपापल्या आहाराच्या मानाने गोळा करावे, असेही सांगितले होते. शेवटी कोणास अधिक झाले नाही, कोणास उणे पडले नाही. डोकी मोजणे आणि गरज ओळखणे, ही दोन्ही त्या एकाच आज्ञेत आहेत. आणि नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकामागे जाणाऱ्या मेंढपाळालाही गणती येत होतीच. गणती केली म्हणून तर एक हरवल्याचे त्यास कळले.

तर आपण काय करावे? सरकारास दोष देऊन स्वस्थ बसणे सोपे आहे. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, आणि अनुदानाची मागणी त्यावर उभी राहते. आमचे कित्येक बंधू त्या कागदावर न वाचता अंगठा किंवा सही करतात. उपदेशकांनी तो कागद मंडळीस वाचून दाखवावा. गळके छप्पर गळके लिहावे, नसलेले मूल असलेले लिहू नये. आणि आपल्या वाडीतले कोणते लेकरू शाळेबाहेर आहे, हे ख्रिस्ती असो वा नसो, नावानिशी जाणावे.

सरकार संख्या जाणते. नाव जाणणे हे शेजाऱ्याचे काम आहे. ते आपण केले नाही, तर पुरेसे दिले नाही हा दोष एकट्या सरकारचा राहणार नाही.