शिष्यत्व आणि वेठ

मार्ककृत शुभवर्तमानात येशू आपल्या येऊ घातलेल्या मृत्यूविषयी शिष्यांना तीन वेळा स्पष्ट सांगतो, आणि तिन्ही वेळा शिष्य कसे वागतात हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या दुःखापासून काही शिकणे हे त्याच्या अगदी निकट वावरणाऱ्यांनाही किती दुर्घट होते याची कल्पना येते. प्रथम पेत्र त्याला बाजूला घेऊन त्यालाच दटावू लागतो. पुढे आपणांत मोठा कोण यावर वाटेने वाद होतो. आणि शेवटी याकोब व योहान हे बंधू त्याच्या वैभवातील उजव्या-डाव्या आसनांसाठी अर्ज पुढे करतात.

शिष्यांचा हा दोष उपदेशकांनी पुष्कळ सांगितला आहे. त्याहून गंभीर असा जो दोष पुढील शतकांत ख्रिस्ती मंडळीत शिरला, त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. दुःख टाळू पाहणाऱ्या शिष्यांच्या जागी दुसऱ्यांना दुःखाची शिफारस करणारे शिष्य आले. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला किंवा कर्जापायी सावकाराच्या दारी राबणाऱ्या मजुराला, हा तुझा वधस्तंभ आहे, तो मुकाट्याने वाहा, असे जो सांगतो, तो येशूचे नाव घेत असला तरी येशूचे शिक्षण देत नाही, असे माझे निश्चित मत आहे. कुष्ठरोग्याला रोग सोसण्यातच तुझे हित आहे असे येशूने सांगितल्याचे शुभवर्तमानांत कोठेही आढळत नाही. त्याने त्याला स्पर्श केला आणि शुद्ध केले. अठरा वर्षे कुबड येऊन वाकलेल्या स्त्रीला त्याने शब्बाथ मोडल्याचा ठपका पत्करून सरळ उभे केले. स्वतःच्या दुःखाचीही त्याला आसक्ती नव्हती. गेथशेमानेत तो प्याला टळावा अशीच त्याने प्रथम प्रार्थना केली. त्याच्या मरणाने मानवाच्या पापांचे प्रायश्चित्त झाले ही श्रद्धा मी बाळगतो. परंतु शिष्याने त्या मरणापासून काय शिकावे, असा प्रश्न केला तर उत्तर असे द्यावे लागते की, ज्यांच्या पंक्तीस तो बसला आणि ज्यांना त्याने मोकळे केले त्यांची बाजू सोडून जीव वाचविणे त्याने मान्य केले नाही, आणि या निष्ठेचे मोल म्हणून जे दुःख वाट्याला आले ते त्याने स्वीकारले.

कुरेनेकर शिमोन त्या दिवशी शेतावरून येत असता रोमी शिपायांनी त्याला वेठीस धरले आणि येशूचा वधस्तंभ वाहावयास लावले. येशूने मात्र कोणास वेठीस धरले नाही. आपल्या मागे येण्याचे जे आमंत्रण त्याने दिले, त्यात येणाऱ्याची स्वतःची इच्छा ही पहिली अट होती. ती अट काढून टाकली की शिष्यत्वाची बिगार होते.

हा भेद पंडिता रमाबाईंना जितका स्वच्छ उमगला तितका महाराष्ट्रात फार थोड्यांना उमगला असेल. दुष्काळात त्यांचे आईबाप गेले, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, आणि 1882 साली तान्ही मुलगी पदरी असता वैधव्य आले; आणि विधवेचे दुःख हे तिच्या पूर्वसंचिताचे फळ असून ते तिने निमूट भोगावे, हा उपदेश तर त्यांच्या परिचयाचाच होता. इंग्लंडात वाँटेज येथे 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच्या आधी फुलहॅम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि शोमरोनी स्त्रीशी येशूचे झालेले संभाषण वाचले. भुकेविषयी दुसऱ्यांना धीराचे पाठ देण्याचा अधिकार कोणास असेल तर तो रमाबाईंस होता. परंतु 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना बरोबर घेऊन आल्या, त्यांना केडगावी जेवू घातले, लिहावयास शिकविले, विणकाम व छापखान्याचे काम शिकवून त्यांच्या पायांवर उभे केले. आणि ज्यांना कोणी दारात उभे करीना अशा स्त्रियांसाठी तेथेच कृपासदन काढले.

येशू दुःख सोसून आज्ञापालन शिकला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. या आज्ञापालनाचे स्मरण रमाबाईंना त्यांच्या इंग्लंडातील मार्गदर्शकांनी वारंवार दिले, आणि रमाबाईंनी त्यांना कळविले की, हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या प्रयासाने मानेवरून उतरविल्यावर तसलेच दुसरे जू घेण्यास आपण तयार नाही. कित्येकांना यात अहंकार दिसला. मला त्यात आज्ञापालनाची खरी समज दिसते, कारण देवाची आज्ञा आणि धर्माधिकाऱ्याची मर्जी या दोहोंत गल्लत करण्याचे त्यांनी नाकारले, आणि ते करताना ख्रिस्तावरील आपली निष्ठा यत्किंचितही ढळू दिली नाही. त्याच निष्ठेने, साध्या बायांना कोणा पंडिताच्या मध्यस्थीवाचून शास्त्र वाचता यावे म्हणून, मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले, आणि 1921 साली एकुलती मुलगी मनोरमा गेल्यावरही ते खाली ठेवले नाही.