पुसलेल्या शब्दाचे असत्य

नसलेले काही जोडणे म्हणजे बनावट, अशी आपली सर्वसाधारण धारणा असते. काचेच्या कलावस्तूंवरील नाममुद्रांचा व्यवहार पाहता ती अपुरी ठरते.

फ्रान्समधील नांसी येथील एमिल गाले (1846-1904) यांच्या धर्तीच्या फुलदाण्या गेल्या काही दशकांत रुमानियात तयार होत आल्या आहेत. रंगीत काचेचे थर एकावर एक चढवायचे आणि आम्लाने झिजवून त्यांतून उठावाची फुले-पाने काढायची, ही पद्धत गाले यांचीच. या फुलदाण्यांवर 'गाले' या नावासोबत 'टिप' असा शब्द असतो. रुमानियन भाषेत त्याचा अर्थ 'प्रकार'. म्हणजे वस्तू गाले पद्धतीची. विधान प्रामाणिक आहे. मधला कोणी विक्रेता तेवढा एकच शब्द घासून टाकतो. एकही अक्षर त्याने वाढवलेले नसते. तरीही वस्तू खोटे बोलू लागते.

म्हणून जाणकार नावाइतकीच नावाशेजारची मोकळी जागा भिंगाखाली न्याहाळतो: तेथील पृष्ठभाग भोवतीपेक्षा वेगळा, घासल्यासारखा आहे का? मागाहून कोरलेली सही निराळ्या रीतीने उघडी पडते. वापराचे जुने ओरखडे सहीवरून गेलेले असावेत; सहीच त्यांना छेदत असेल, तर ती नंतरची. प्रक्षिप्त ओव्या शोधणाऱ्या संहिताचिकित्सकाला हा तर्क परका वाटू नये.

परंतु अस्सल मुद्रा तरी कशाची ग्वाही देते? गाले यांच्या हयातीतही कारखान्यातील पुष्कळसे काम कारागिरांच्या हातचे होते. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने कारखाना चालू ठेवला आणि काही वर्षे नावाशेजारी एक तारा उमटू लागला. (मला तो तारा फार बोलका वाटतो.) नाव उरले, माणूस उरला नाही, हे तो कबूल करतो. तेव्हा मुद्रा हाताची नव्हे, वस्तू आणि नाव यांतील नात्याची साक्ष असते. आणि लेखकाचा मृत्यू मान्य करूनही ही साक्ष खोटी ठरू शकते.

'टिप' पुसल्याने अन्याय कोणावर होतो? ग्राहकावर, हे उघड आहे. गाले यांच्यावर, माझ्या मते, फारसा नाही. खरा अन्याय रुमानियातील त्या अनाम कारागिरावर होतो. हे काम गाले यांचे नव्हे, दुसऱ्या कोणाचे आहे, एवढे सांगणारा तोच एक शब्द त्याच्या वाट्याला आला होता. तो गेला की किंमत वाढते आणि कर्ता नाहीसा होतो. अर्थात, हा शब्द सहज घासता येतो हे तेथील कारखानदारांना ठाऊक नसेल असे नाही. मग त्यांना निर्दोष म्हणावे काय, याचे उत्तर मला चटकन देता येत नाही.